‘मी बरा आहे’ आणि ‘माझे बरे चालले आहे’

‘माणूस म्हणून मी बरा आहे’ आणि ‘माझे आयुष्य बरे चालले आहे’ ही दोन वाक्ये एकाच दमात बोलली जातात, आणि पहिले खरे असेल तर दुसरे आपोआप खरे होईल, असे आपण सहसा धरून चालतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून शाळांमधल्या समुपदेशनाच्या तासापर्यंत ‘आधी स्वतःवर प्रेम करा, मग आयुष्य सुखाचे होईल’ असा जो सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, तो याच समजुतीवर उभा आहे. मानसशास्त्रज्ञांनी ही समजूत निरनिराळ्या देशांत तपासून पाहिली, तेव्हा असे आढळले की या दोन गोष्टींमध्ये दुवा नक्की आहे, परंतु तो काही समाजांत घट्ट आहे आणि काही समाजांत बराच सैल. हा फरक कशामुळे पडतो हे समजून घेणे इंदूरच्या मराठी वाचकाला उपयोगाचे आहे, कारण आपल्याकडे एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसे जेवायला एकत्र बसतात.

आधी हे मोजतात कसे ते पाहू. आत्मसन्मान, म्हणजे माणूस स्वतःला एकंदरीत किती मोलाचा समजतो ते, मोजण्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलामुलींसाठी ती तयार झाली होती. तिच्यात दहा विधाने आहेत. त्यांपैकी पाच ‘माझ्यात काही चांगले गुण आहेत’ अशा सुलट धाटणीची, तर पाच ‘कधी कधी मला वाटते की मी अगदीच निरुपयोगी आहे’ अशा उलट धाटणीची असून, प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत हे चार पर्यायांतून सांगायचे असते. आयुष्याविषयीचे समाधान मोजण्याची प्रचलित प्रश्नावली एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडली. तिच्यात पाचच विधाने आहेत, प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे असतात आणि बेरीज पाच ते पस्तीस यांच्या दरम्यान येते.

या दुसऱ्या प्रश्नावलीतली एक खुबी सहज नजरेतून सुटते. तिच्यात पैसा, प्रकृती, मुलेबाळे, नोकरी, मानमरातब यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ‘माझे आयुष्य बहुतांशी माझ्या मनासारखे आहे’ अशा अर्थाची सर्वसाधारण विधाने तेवढी आहेत, आणि ‘आयुष्य’ म्हणताना कोणत्या गोष्टी हिशेबात घ्यायच्या व कशाला किती वजन द्यायचे, हे पूर्णपणे उत्तर देणाऱ्यावर सोडलेले आहे. त्यामुळे दोन्ही प्रश्नावल्यांच्या गुणांची तुलना केली की जे कळते ते असे की, माणूस आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडतो तेव्हा त्यात ‘मी स्वतः कसा आहे’ या रकमेचा वाटा किती असतो. पुढची सगळी चर्चा या वाट्याविषयी आहे.

अमेरिकेत हा वाटा फार मोठा मानला जात असे, आणि त्याला काही काळ राजकीय पाठबळही मिळाले. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मानाच्या प्रश्नावर एक सरकारी कृतिदल नेमले. जॉन व्हॅस्कॉन्सेलॉस नावाचे आमदार त्यामागे होते, आणि गुन्हेगारीपासून शाळागळतीपर्यंतचे अनेक सामाजिक प्रश्न लोकांचा आत्मसन्मान वाढवून सुटतील, अशी त्यांची धारणा होती. १९९० मध्ये अहवाल आला, शाळाशाळांतून मुलांना ‘तू खास आहेस’ असे शिकवण्याची लाट आली, आणि ती लाट फिरत फिरत आपल्या इंग्रजी शाळांच्या भिंतींवरील तक्त्यांपर्यंत पोहोचली. २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि तीन सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा कसून आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्याने परीक्षेत गुण वाढतात किंवा काम अधिक चांगले होते, याला त्यांना भक्कम पुरावा आढळला नाही. सुखी असण्याशी मात्र आत्मसन्मानाचा संबंध ठळक दिसला, तोही कशामुळे काय हे सिद्ध न होता. आणि त्या आढाव्यातला बहुतेक पुरावा पाश्चात्त्य देशांतला होता.

इतर देशांचा विचार मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा झाला तो १९९५ मध्ये. एड डीनर आणि मारिसा डीनर यांनी ३१ देशांतल्या १३,११८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून आत्मसन्मान, आयुष्याविषयीचे समाधान, तसेच मित्र, कुटुंब आणि पैसा यांविषयीचे समाधान यांची माहिती गोळा केली. त्यांनी वापरलेले माप म्हणजे सहसंबंध. दोन गोष्टी एकमेकींशी पूर्णपणे जोडीने वाढत असतील तर तो एक येतो, त्यांचा एकमेकींशी काहीच मेळ नसेल तर शून्य. सर्व देशांचे विद्यार्थी एकत्र धरले तर आत्मसन्मान आणि जीवनसमाधान यांच्यातला सहसंबंध ०.४७ आला, आणि मानसशास्त्रात एवढा सहसंबंध चांगलाच मानतात. परंतु देश वेगवेगळे करून पाहिल्यावर असे दिसले की, ज्या समाजांत व्यक्तीच्या आवडीनिवडीला व स्वातंत्र्याला प्राधान्य असते तिथे तो अधिक आहे आणि ज्या समाजांत कुटुंब किंवा समूह आधी येतो तिथे तो कमी आहे.

या निष्कर्षावरून कोणी झटपट ‘पूर्वेकडची माणसे स्वतःचा विचार करत नाहीत’ असे म्हणू लागले, तर त्याच अभ्यासातला दुसरा आकडा पुढे करावा. देशाची व्यक्तिकेंद्री वृत्ती आणि देशाची श्रीमंती यांच्यातला सहसंबंध तिथे ०.७१ आला होता. म्हणजे जे देश व्यक्तिकेंद्री तेच बहुतांशी श्रीमंतही होते, आणि मग फरक संस्कृतीचा की पैशाचा, हे वेगळे काढणे अवघड होऊन बसते. गरीब देशांत पैशाविषयीचे समाधान आयुष्याच्या समाधानाशी जास्त घट्ट बांधलेले होते, हेही त्यांना आढळले, आणि ते समजण्यासारखे आहे. महिनाअखेरीची ओढाताण ज्याच्या घरी असते, त्याच्या ताळेबंदात पहिली रक्कम कोणती असणार हे सांगायला प्रश्नावलीची गरज नाही.

तरीही संस्कृतीचा भाग पैशाच्या आड पूर्णपणे झाकता येत नाही. हेझल मार्कस आणि शिनोबु किटायामा यांनी १९९१ मध्ये एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, ‘मी’ म्हणजे काय याचीच कल्पना सगळीकडे एक नाही. काही समाजांत ‘मी’ म्हणजे इतरांपासून वेगळा काढता येण्याजोगा, स्वतःचे गुण, मते व आवडी असलेला एक स्वतंत्र घटक असतो. काही समाजांत ‘मी’ हा नात्यांच्या विणीतला एक टाका असतो, आणि त्याला विणीतून सोडवून दाखवा असे म्हटले तर त्या मागणीलाच फारसा अर्थ उरत नाही. भारताविषयी अमेरिकन मनोविश्लेषक अॅलन रोलंड यांनी १९८८ मध्ये भारत आणि जपान यांच्यावरच्या आपल्या पुस्तकात जवळपास हेच सांगितले होते. आपल्याकडच्या ‘मी’ला त्यांनी कौटुंबिक ‘मी’ असे संबोधले.

हे तात्त्विक वाटत असेल तर आपल्याकडच्या वधू-वर मंडळात जमा होणारा एखादा बायोडाटा हातात घेऊन पाहावा. सर्वांत वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’, मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, गण, नाडी, गोत्र किंवा देवक, कुलदैवत. मग वडील काय करतात, आई काय करते, भाऊ-बहिणी कुठे दिल्या आहेत, मामा कुठले. त्यानंतर ‘मूळ गाव’ या रकान्यात सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातले एखादे गाव, मग घराणे होळकरांच्या काळापासून माळव्यात असो आणि मुलाने ते गाव डोळ्यांनी पाहिलेले नसो. शेवटी ‘नातेसंबंध’ म्हणून दहा-बारा आडनावांची ओळ. संपूर्ण कागदावर तो मुलगा स्वभावाने कसा आहे याविषयी एक शब्द नसतो, आणि तरीही आपल्याकडच्या जुन्या माणसांना तो कागद वाचून ‘माणसे कळतात’. तोच मुलगा त्याच संध्याकाळी लग्नाच्या एखाद्या अॅपवर ‘माझ्याविषयी’ या चौकटीत ‘मी मनमोकळा, महत्त्वाकांक्षी, प्रवासाची आवड असलेला’ असे लिहितो.

मानसशास्त्रात या प्रकारची एक चाचणीच आहे. मॅनफोर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये ती तयार केली. ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाला वीस उत्तरे लिहायची, एवढेच तिचे स्वरूप. अमेरिकन विद्यार्थी या चाचणीत बहुधा स्वभावाची विशेषणे लिहितात आणि जपानी विद्यार्थी भूमिका व नाती जास्त लिहितात, हे अनेकदा दिसलेले आहे. पण स्टीव्हन कझिन्स यांनी १९८९ मध्ये त्यात एक छोटासा बदल केला. ‘घरी मी कसा आहे’, ‘शाळेत मी कसा आहे’ असा प्रसंग नेमून दिल्यावर जपानी विद्यार्थ्यांनी स्वभावगुण अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षाही अधिक लिहिले. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा प्रयोग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जपानी मुलांना आपला स्वभाव ठाऊक होता. कोणाच्या संदर्भात ते न सांगता तो सांगणे त्यांना विचित्र वाटत होते. बायोडाटा लिहिणारा आणि अॅपवर चौकट भरणारा मुलगा एकच असतो, हे आपल्यालाही माहीत आहे.

‘मी’ जर नात्यांत विणलेला असेल, तर समाधानही नात्यांतून यायला हवे. व्हर्जिनिया क्वान, मायकेल बाँड आणि थिओडोर सिंगेलिस यांनी १९९७ मध्ये हाँगकाँग आणि अमेरिका इथल्या विद्यार्थ्यांची तुलना करताना आत्मसन्मानाच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजली. ती म्हणजे जवळच्या माणसांशी असलेला सलोखा. दोन्ही ठिकाणी दोन्ही गोष्टींचा आयुष्याच्या समाधानाशी संबंध होता. अमेरिकेत आत्मसन्मानाचे पारडे जड होते, तर हाँगकाँगमध्ये सलोख्याला जवळजवळ तितकेच वजन होते. म्हणजे आत्मसन्मान तिथे बाद झाला नाही, त्याला बरोबरीचा भागीदार मिळाला. या संशोधनाविषयी लिहिताना बहुतेक लोकप्रिय लेख हे टोकाला नेतात आणि ‘तिकडे व्यक्ती, इकडे समूह’ अशी वाटणी करून मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता मोजमापाच्या अडचणीकडे वळू, कारण ती या विषयात मोठी आहे. लोकमान्य नगरात आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना मी या दोन्ही प्रश्नावल्या मराठीत उतरवून भरायला दिल्या. ‘निदान इतरांच्या बरोबरीने तरी माझी किंमत आहे’ या विधानापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी विचारले, “इतर म्हणजे कोण गं? आमच्या जावा, की शाळेतल्या बायका?” मी म्हटले, “काकू, तुम्हाला जे वाटतील ते धरा.” “असं कसं? जावांमध्ये मी कोणाच्या खिजगणतीत नव्हते, आणि शाळेत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.” पुढे ‘एकंदरीत मी स्वतःवर समाधानी आहे’ हे विधान आले, तेव्हा त्यांनी चार चौकोनांपैकी एकातही खूण केली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मधल्या रेघेवर खूण काढली आणि म्हणाल्या, “हे आपण कसं म्हणायचं? ते चार लोकांनी म्हणायचं असतं.” आयुष्याची प्रश्नावली मात्र त्यांनी झरझर भरली. मुलगी मार्गी लागली, मुलाने सुदामा नगरात घर बांधले, ‘ह्यांचे’ ऑपरेशन नीट पार पडले, असे मोठ्याने म्हणत त्यांनी सहा, सहा, सात असे आकडे टाकले.

एका काकूंवरून काही सिद्ध होत नाही. पण त्यांनी अडवलेल्या दोन्ही जागा संशोधकांनाही अडवतात. ‘इतर म्हणजे कोण?’ हा प्रश्न स्टीव्हन हाइनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नेमका मांडला. माणूस स्वतःला गुण देताना आपल्या भोवतीच्या लोकांशी ताडून पाहतो, त्यामुळे दोन देशांतल्या माणसांनी स्वतःला दिलेला ‘चार’ हा आकडा एकाच गोष्टीचा निदर्शक असतोच असे नाही. दुसरी जागा विनयाची. स्वतःची स्तुती स्वतः करू नये, ही शिकवण जिथे मुरलेली आहे, तिथे कागदावर कमी गुण पडणे म्हणजे मनात कमी किंमत असणे, असे धरता येईल का? डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५ मध्ये रोझेनबर्गची प्रश्नावली ५३ देशांत, २८ भाषांमध्ये, जवळपास १७,००० लोकांकडून भरून घेतलेल्या माहितीचे विश्लेषण केले. प्रत्येक देशाची सरासरी मध्यबिंदूच्या वरच होती, म्हणजे स्वतःला बरे समजणे हे बहुतांशी सार्वत्रिक आहे. जपान सर्वांत खाली आला. आणि उलट धाटणीच्या पाच विधानांचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जात नाही, असेही त्यांना दिसले. जपानी माणसांची मनातली किंमत आडवळणाने मोजण्याचे प्रयोग झाले, तेव्हा चित्र आणखी बदलले. स्वतःच्या नावातली अक्षरे आणि जन्मतारखेतले अंक माणसाला नकळत जास्त आवडतात, आणि किटायामा व कारासावा यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की हा लोभ जपानमध्येही आहे. तोंडाने ‘माझ्यात काय आहे’ म्हणणाऱ्याला आपले अक्षर आवडते.

विनय बाजूला ठेवला तरी एक विसंगती उरते. स्वतःला बरे समजणाऱ्याला आयुष्यही बरे वाटेलच असे नाही, आणि याचा एक चांगला पुरावा कोलकात्याचा आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये तिथल्या ८३ गरीब माणसांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. काही झोपडपट्टीत राहणारी होती, काही फुटपाथवर, काही देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. एकूण आयुष्याविषयी विचारले, तेव्हा त्यांचे सरासरी समाधान मध्यबिंदूच्या किंचित खाली होते. पण कुटुंब, मित्र, स्वतःची नीतिमत्ता आणि स्वतः ‘मी’ अशा वेगवेगळ्या बाबींविषयी विचारल्यावर उत्तरे मध्यबिंदूच्या वर गेली. त्या लोकांना स्वतःविषयी वाईट वाटत नव्हते. आयुष्याविषयी वाटत होते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे सज्जड कारणे होती.

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि आपली वर्तमानपत्रे ‘भारतीय दुःखी’ असे मथळे देतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी. २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा होता. ते स्थान ठरते हॅडली कॅन्ट्रिल यांच्या शिडीवरून. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचे आजचे आयुष्य कितव्या पायरीवर आहे, एवढाच तो प्रश्न असतो. आयुष्याला खालची पायरी देणारा माणूस स्वतःला खालच्या पायरीवर ठेवतो आहे, असे त्यातून मुळीच निघत नाही.

मग भारतीय समाज समूहकेंद्री आहे, म्हणून आपल्याकडे दुवा सैल, असे म्हणून प्रकरण मिटते का? तसे मिटत नाही. आय.बी.एम. कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून खेर्ट हॉफस्टेड यांनी तयार केलेल्या व्यक्तिकेंद्रीपणाच्या मापावर अमेरिकेला ९१ गुण आहेत आणि भारताला ४८. म्हणजे आपण तळाशी नाही, मध्यावर आहोत. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी तर वर्षानुवर्षे हेच मांडले की भारतीय माणसात दोन्ही वृत्ती एकाच वेळी नांदतात आणि प्रसंग पाहून तो त्यांतली एक पुढे करतो.

देशाचा सरसकट शिक्का बाजूला ठेवून हा फरक समजावून सांगणारी एक मांडणी मला जास्त पटते, आणि ती मासाकी युकी व त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. तिच्या मुळाशी मार्क लिअरी यांचा १९९५ च्या सुमाराचा विचार आहे. त्यानुसार आत्मसन्मान ही मनातली एक मापनयंत्रणा आहे, आणि लोक आपल्याला किती हवेसे मानतात याची ती सतत नोंद घेत असते. युकी यांनी २०१३ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: लोकांना आपण हवेसे असणे हे आयुष्यासाठी किती महत्त्वाचे आहे? ज्या समाजात मित्र, जोडीदार, नोकरी, शेजार हे सगळे निवडायचे असते आणि न जमल्यास सोडताही येते, तिथे हवेसे असणाऱ्याला चांगली नाती मिळतात आणि नसणारा मागे पडतो. अशा ठिकाणी स्वतःची किंमत आणि आयुष्याची प्रत जवळजवळ एकत्रच चालतात. ज्या समाजात नाती जन्माने मिळतात आणि सहसा तुटत नाहीत, तिथे स्वतःविषयी कितीही शंका असल्या तरी पानावर वाढले जाणे थांबत नाही. मामाला आपण निवडलेले नसते आणि मामानेही आपल्याला निवडलेले नसते. त्यामुळे आपण हुशार आहोत की नाही, देखणे आहोत की नाही, यावर मामाकडे जाणे-येणे अवलंबून नसते. नाती निवडण्याची मोकळीक जिथे जास्त, तिथे आत्मसन्मान आणि सुख यांचा दुवा अधिक घट्ट, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले.

ही मांडणी पटण्याचे कारण असे की, ती संस्कृतीला रक्तात बसवत नाही. नात्यांची रचना बदलली की दुवाही बदलेल, असे ती सांगते, आणि इंदूरमध्ये ही रचना आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे. रामबागेतल्या जुन्या वाड्यांमध्ये वाढलेल्या पिढीची बहुतेक नाती त्यांना आयती मिळाली होती. आळी, गणपतीचे मंडळ, हळदीकुंकवाच्या बायका, भिशी, दोन पिढ्यांचे फॅमिली डॉक्टर. या जाळ्यात कोणी बुजरा असे, कोणी तिरसट असे, परंतु त्याचा बुजरेपणा हा त्याच्या आयुष्याचा निकाल ठरत नसे, कारण पंगतीतले त्याचे पान ठरलेले होते. उलट भंवरकुआंच्या भागात कोचिंगसाठी खोली घेऊन राहणारा बडवाणीचा किंवा खंडव्याचा मुलगा, किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत दोन वर्षांसाठी आलेली मुलगी, यांना मित्र जोडावे लागतात, टिकवावे लागतात, आणि जोडीदारही बऱ्याचदा स्वतःच शोधावा लागतो. टेस्टमध्ये नंबर मागे गेला, कोणी उत्तर दिले नाही, कोणी बोलावले नाही, याचा घाव त्यांच्या बाबतीत थेट ‘माझे काही खरे नाही’ इथपर्यंत पोहोचतो. आजी म्हणते, ‘एवढं काय मनाला लावून घेतोस?’ आणि नातवाला ती जुन्या जमान्यातली वाटते. माझ्या मते दोघेही आपापल्या रचनेत बरोबर बोलत असतात. आजीच्या काळात मनाला न लावून घेण्याची सोय होती, नातवाला ती सोय नाही.

जुनी रचना सोपी होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. जन्माने मिळालेल्या नात्यांत जागा नक्की असते, पण ती कोणती जागा हेही जन्मानेच ठरते, आणि ज्यांच्या वाट्याला उंबऱ्याबाहेरची किंवा चुलीपाशीची जागा आली, त्यांना त्या पक्केपणाचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. नाती निवडता येणे ही कित्येक मुलींसाठी सुटका आहे. तिची किंमत म्हणून स्वतःविषयीच्या शंका अधिक बोचतात, इतकेच.

स्वतःची किंमत ठरवण्याच्या मोजपट्टीविषयी मॅया बेकर आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. २० सांस्कृतिक गटांतल्या किशोरवयीन मुलांना त्यांनी विचारले की, तुला स्वतःविषयी चांगले कशामुळे वाटते. एखाद्या मुलाची स्वतःची मूल्ये कोणती, यापेक्षा त्याच्या भोवतीच्या समाजात कोणती मूल्ये प्रचलित आहेत, यावर उत्तर जास्त अवलंबून होते. ‘मला लोकांच्या मताची पर्वा नाही’ असे मनापासून मानणारा मुलगादेखील स्वतःला नकळत लोकांच्याच पट्टीने मोजत होता. इंदूरच्या मराठी घरात मुलगा इंजिनीअर झाला नाही तरी चालेल असे म्हणणारे आईबाप पुष्कळ आहेत, आणि ते खोटे बोलत नसतात. तरी मुलगा स्वतःला मोजायला बसतो तेव्हा पट्टी शेजारच्या घरातली असते.

समूहाची प्रतिमाही ‘मी’च्या हिशेबात येते. राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिले आले, आणि बाहेरगावी गेलेला इंदूरकर ते सांगितल्याशिवाय राहत नाही, मग त्याने स्वतः कधी झाडू हातात धरलेला नसला तरी. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये असा सामूहिक अभिमान आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध तपासला. वैयक्तिक आत्मसन्मानाचा भाग वजा केल्यावर गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा संबंध उरला नाही. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांमध्ये मात्र तो टिकून राहिला.

या सर्व अभ्यासांना एक मर्यादा आहे, आणि ती आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. १९९५ च्या पाहणीत सगळेच जण महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि त्यानंतरच्याही बऱ्याच अभ्यासांत तेच आहे. विद्यार्थिदशा हा निवडण्याचा, निवडले जाण्याचा काळ असतो. विषय, मित्र, नोकरी सगळेच अनिश्चित असते. म्हणजे समूहकेंद्री म्हणवल्या जाणाऱ्या देशांतही मोजणी झाली ती बहुधा त्यांच्यातल्या सर्वांत मोकळ्या, सर्वांत व्यक्तिकेंद्री वयाची. लोकमान्य नगरातल्या काकूंच्या वयाच्या बायका तिच्यात नव्हत्या.

प्रश्नच वेगळे विचारावेत, असाही एक प्रयत्न झालेला आहे. हिदेफुमी हितोकोतो आणि युकिको उचिदा यांनी २०१५ मध्ये नऊ विधानांची एक प्रश्नावली मांडली. ‘मी आणि माझ्या भोवतीची माणसे सुखात आहोत’, ‘इतरांना त्रास न होता मला हवे ते करता येते’ अशा आशयाची विधाने तिच्यात आहेत. काकूंनी ती न अडखळता भरली असती, असा माझा अंदाज आहे. परंतु त्यातल्या ‘भोवतीची माणसे’ या शब्दांत मुलगा पुण्यात, सून हैदराबादच्या नोकरीत आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये दर अकरा महिन्यांनी नवे भाडेकरू, अशा घराने कोणाकोणाला धरायचे, हे अजून कोणत्याही प्रश्नावलीने विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.